घोडी कशाने मेली?

(सुकापूर, ता. पनवेल येथे हंगामी कामासाठी आलेल्या कोरडवाहू शेतकऱ्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आपण सुकापुरात जमलो आहोत, पण आपल्यापैकी सुकापूरचे फारच थोडे. कोणी हिंगोलीचे, कोणी परभणीचे, कोणी यवतमाळ-वाशीमकडचे. कापूस वेचून झाला, ज्वारी खळ्यावरून घरात आली, जे काही पैसे हातात पडले ते ज्याचे देणे होते त्याच्या हातात गेले, आणि पनवेलच्या आसपास बांधकामावर, वीटभट्टीवर चार महिने काढायला आपण इकडे आलो. मृगाच्या आत परत जायचे, वखर धरायचा आणि पुन्हा आभाळाकडे पाहायचे. हे चक्र इथे कोणाला समजावून सांगायला नको.

आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही, कर्जावर बोलणार नाही. जनावराच्या रक्ताविषयी बोलणार आहोत. आणि तेही घोड्याच्या.

तुम्ही हसाल. कापूसवाल्याचा घोड्याशी संबंध काय? तर पहिली गोष्ट, इथून जो रस्ता जातो त्याला माथेरान रोड म्हणतात. तो डोंगराच्या पायथ्याला जातो. वर माथेरानात मोटारीला बंदी आहे. २००३ साली केंद्र सरकारने तो सगळा डोंगर पर्यावरणाच्या दृष्टीने जपण्याचा भाग म्हणून जाहीर केला. त्यामुळे माणूस असो, सिमेंटची गोणी असो की गॅसची टाकी, ते बरेचसे घोड्याच्या पाठीवर नाही तर माणसाच्या बळावर जाते. २०२२ च्या डिसेंबरात तिथे ई-रिक्षा सुरू झाल्या, तरी आजही शेकडो घरांची चूल घोड्यावर पेटते. आपला बैल तसा त्यांचा घोडा. आपला बैल ऐन पेरणीत बसला तर जे होते, तेच त्यांचे ऐन हंगामात होते.

दुसरी गोष्ट, घोडा आपल्याही शिवारात आहे. धनगर मेंढ्या घेऊन येतात, आपण खतासाठी त्यांना रानात बसवतो, तेव्हा त्यांचा संसार घोड्यांच्या पाठीवर असतो. कुंभाराचे, वडाराचे गाढव माती वाहते. आणि आता बैलजोडीचे मोल झेपत नाही म्हणून एका घोड्यावर कोळपणी करणारेही गावोगाव दिसू लागले आहेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घोड्याला चावणारी गोचीड आणि तुमच्या बैलाला चावणारी गोचीड यांची बरीचशी जात एकच आहे. म्हणून घोड्याची गोष्ट सांगतो आणि ती बैलासाठी ऐकून ठेवा.

आमच्या दारातली गोष्ट

आम्ही स्वतः हे शिकलो ते पुस्तकातून नव्हे, एक घोडी घालवून. एका वर्षी बोंडअळीने कापूस गेला, बैलजोडीतला एक बैल विकावा लागला. उरलेल्या एका बैलाला जोड मिळेना. तोही विकला आणि त्याच पैशांतून जत्रेतून घोडी आणली. चांगली होती. कोळपे ओढायची, छकडा ओढायची, लग्नसराईत चार पैसेही मिळवून द्यायची. घरच्या बायकांनी तिला लेकीसारखे सांभाळले.

पहिल्या पावसानंतर पंधरा-वीस दिवसांत ती चारा सोडून उभी राहिली. मान खाली, कान पडलेले, अंग तापलेले. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले पोटात वात धरला. जवळच्या गावात एक जण जनावरांना सुया टोचत फिरायचा. तो आला, पोटदुखी आहे म्हणाला, दोन सुया टोचल्या, पैसे घेऊन गेला. घोडी दुसऱ्या दिवशी थोडी बरी वाटली. आम्हाला वाटले उतार पडला. काम अडले होते, तिला पुन्हा कोळप्याला जुंपले. ती चूक आमची, दुसऱ्या कोणाची नव्हे. त्या संध्याकाळी तिची लघवी काळ्या चहासारखी झाली. डोळ्याची पापणी उलटून पाहिली तर आत लाली नव्हती, पिवळेपणा होता. चौथ्या दिवशी ती गेली.

तिच्या जांघेत, कानात, शेपटीच्या मुळाशी गोचिड्या होत्या. त्या आम्ही रोज पाहत होतो. जनावराला गोचीड असायचीच, असे समजून पाहत होतो.

पुढे महिन्याभराने शेजारच्या वस्तीवरचा एक घोडा तसाच तापला. या वेळी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याच्या कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब काचेवर घेतला, पसरला, रंगवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जंतू सापडला. औषध दिले. तो घोडा वाचला. एक थेंब रक्त आणि एक काच! आमच्या घोडीच्या आणि त्या घोड्याच्या नशिबात एवढाच फरक होता.

रक्तात काय शिरते?

या रोगाला इंग्रजी नाव आहे पायरोप्लाझ्मोसिस. नाव विसरलात तरी चालेल, गोष्ट विसरू नका. घोडा, गाढव, खेचर यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरणारे दोन सूक्ष्म जंतू आहेत. एकाचे नाव थायलेरिया इक्वी, दुसऱ्याचे बबेसिया कॅबॅली. पेशीत शिरायचे, तिथे वाढायचे, पेशी फोडून बाहेर पडायचे आणि पुढच्या पेशीत शिरायचे, हा त्यांचा उद्योग. कापसाच्या बोंडात शिरून आतून खाणारी अळी जशी, तसाच हा प्रकार. वरून बोंड धड दिसते, आत सरकी उरत नाही.

तांबड्या पेशी फुटल्या की त्यांतला तांबडा रंग रक्तात मोकळा होतो. तो मूत्रपिंडातून गाळला जातो म्हणून लघवी लाल किंवा काळसर होते. त्याच रंगाचे पुढे पित्त बनते म्हणून डोळे आणि हिरड्या पिवळ्या होतात. पेशी कमी झाल्या की अंगभर हवा पोचवायला माणूसच उरत नाही, म्हणून जनावर उभ्या जागी धापा टाकते, पायांवर सूज येते, चालवले तर झोकांड्या जातात. लघवी लाल का होते याचे उत्तर असे सरळ आहे. त्यात करणी नाही आणि उष्णताही नाही.

पहिला जंतू अधिक चिवट. जनावर बरे झाले तरी तो बहुधा जन्मभर रक्तात थोडा थोडा शिल्लक राहतो. घोडी गाभण असेल तर पोटातल्या शिंगरालाही तो लागू शकतो, गर्भपात होऊ शकतो. दुसरा जंतू काही वर्षांत निघून जाऊ शकतो. जनावर धड असेपर्यंत हा शिल्लक जंतू गप्प बसतो. पण लांबचा प्रवास झाला, काम अती झाले, दुसरा आजार झाला, उपासमार झाली की तो डोके वर काढतो. आमच्या घोडीला तापात कोळप्याला जुंपले तेव्हा आम्ही त्या जंतूलाच मदत केली.

गोचीड कशी आणते?

हा रोग हवेतून येत नाही, पाण्यातून येत नाही, एका गव्हाणीत खाल्ल्याने लागत नाही. तो गोचिडीच्या लाळेतून येतो. आपल्याकडे तपकिरी, लांब पायांची जी गोचीड असते, जिला शास्त्रात हायलोमा म्हणतात, ती यातली मोठी गुन्हेगार. ती घोड्यालाही चावते आणि बैलालाही. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, गोठ्याच्या भिंतीच्या भेगेत, दगडांच्या फटीत, शेणाच्या ढिगाखाली जाऊन बसते आणि तिथे हजारांनी अंडी घालून मरते. म्हणजे तुमच्या जनावराच्या अंगावर दिसतात त्या थोड्या. बाकीची फौज भिंतीत असते.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, सगळा उपाय तिच्यावरच उभा आहे. गोचीड चिकटल्याबरोबर लगेच रोग आत जात नाही. रक्त पिऊ लागल्यावर तिच्या लाळेतला जंतू तयार व्हायला साधारणपणे दोन-तीन दिवस लागतात. म्हणजे जो रोज जनावराचे अंग चाचपून गोचीड काढतो, तो रोगाच्या आधी पोचतो. जो आठवड्याने काढतो, तो रोगाच्या मागून जातो. जुने लोक घोड्याला रोज खरारा करत. तो केवळ चकाकीसाठी नव्हता.

दुसरा रस्ता आहे सुईचा. एका घोड्याला टोचलेली सुई न उकळता दुसऱ्याला टोचली की गोचिडीचे काम माणूस करतो. गावात फिरणारा सुईवाला एकाच सुईने दहा जनावरे टोचतो. त्याला पैसे आपण देतो आणि रोगही आपणच विकत घेतो.

हे प्रथम कोणी ओळखले?

१८८८ साली रुमानियात व्हिक्टर बाबेश नावाच्या डॉक्टरांनी लाल लघवी होणाऱ्या गुरांच्या रक्तात असा जंतू प्रथम पाहिला. त्यांच्याच नावावरून बबेसिया हे नाव पडले. पण तो जंतू एका गुरातून दुसऱ्यात जातो कसा, हे कळत नव्हते.

अमेरिकेत टेक्सासची गुरे उत्तरेकडे हाकत नेली की वाटेवरच्या कुरणांत चरणारी उत्तरेची गुरे मरत, आणि टेक्सासची गुरे मात्र धडधाकट राहत. तिथले गुरे पाळणारे म्हणत, ही गोचिडीची करणी आहे. शहाणी माणसे हसत. शेवटी १८९३ साली थिओबाल्ड स्मिथ आणि किलबोर्न या दोघांनी प्रयोग करून दाखवून दिले की गुराखी म्हणत होते तेच खरे. गोचीड काढून टाकलेली टेक्सासची गुरे उत्तरेच्या गुरांत मिसळली तरी रोग होत नव्हता. नुसत्या गोचिड्या रानात सोडल्या तर रोग होत होता. किडा रोग वाहून नेतो हे असे पक्के सिद्ध झाले. हिवताप डासामुळे पसरतो हे त्यानंतर काही वर्षांनी कळले. तेव्हा भावांनो, शेतकऱ्याच्या डोळ्याला दिसलेले खोटे समजू नका. फक्त ते तपासून घ्या.

त्याच टेक्सासात २००९ साली एका मोठ्या कुरणावर चारशेहून अधिक घोड्यांच्या रक्तात थायलेरिया सापडला. त्या श्रीमंत देशाने एकेक घोडा तपासला, वेगळा बांधला, औषध दिले. आपल्या देशात हा जंतू सगळीकडे पसरलेला आहे, म्हणून आपल्याकडून घोडा परदेशी न्यायचा तर रक्ताचा दाखला लागतो. परदेशी जाणाऱ्या घोड्याचे रक्त तपासले जाते. कोळप्याच्या घोड्याचे कोण तपासणार?

ओळखायचे कसे?

घरात एक थर्मामीटर ठेवा. घोड्याचे अंग साधारण ९९.५ ते १०१.५ फॅरेनहाइट असते. १०४ च्या वर गेले तर तो ताप आहे, दृष्ट नव्हे. पापणी उलटून पाहा आणि हिरडी पाहा. गुलाबी असली तर ठीक, पांढरी पडली असेल किंवा पिवळी झाली असेल तर वेळ घालवू नका. लघवीचा रंग पाहा. चारा सोडला का, मान टाकली का, पाय सुजले का, थोडे पोट दुखते का, ते पाहा. गोचीड चावल्यापासून ताप यायला सुमारे दहा दिवसांपासून महिनाही लागतो. म्हणून आज अंगावर गोचीड दिसत नाही याचा अर्थ ती नव्हतीच असा होत नाही.

पण डोळ्याने पाहून नक्की सांगता येत नाही, हेही तितकेच खरे. कारण ताप, अशक्तपणा आणि पायांची सूज दुसऱ्याही एका रोगात असते. त्याला सर्रा म्हणतात. तोही रक्तातला जंतू, पण तो गोचिडीने नव्हे तर चावणाऱ्या मोठ्या माशीने पसरतो. त्याचे औषध वेगळे. आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला २००४ साली वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हा जनावरांचा सर्राचा जंतू सापडला. माणसात तो सहसा टिकत नाही. रक्त तपासून नक्की ठरलेला माणसातला तो पहिला रुग्ण म्हणून जगभरच्या डॉक्टरांनी त्याची नोंद घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने औषध पुरवले आणि तो बरा झाला. त्या शेतकऱ्याचे नशीब की कोणीतरी त्याचे रक्त काचेवर घेऊन पाहिले. नाहीतर साधा ताप म्हणून गोळ्या खात तो किती दिवस काढता?

याशिवाय दोन-चार दिवस बांधून ठेवून भरपूर चंदी खाल्लेल्या घोड्याला एकदम कामाला जुंपले तरी लघवी काळी होते. तिथे अंग आखडते, मागचे पुठ्ठे दगडासारखे होतात. म्हणून लघवी काळी दिसली की लगेच गोचीड ताप म्हणू नका. ताप चढलेला असताना, औषध देण्याआधी, रक्ताची काच करून घ्या. काचेवर हा थायलेरिया कधी कधी चार ठिपक्यांच्या फुलीसारखा दिसतो. जुन्या दुखण्यात जंतू इतके थोडे असतात की काचेवर सापडत नाहीत. तिथे रक्ताची एलायझा तपासणी लागते. घोड्यांच्या रोगांसाठी हरियाणात हिसार येथे १९८५ साली राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्र सुरू झाले आहे, तिथे अशी तपासणी होते. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर १८८६ सालचे. आपल्याला जवळ म्हणजे परभणी, उदगीर आणि नागपूरची महाविद्यालये. तिथे जनावरांचे दवाखाने आहेत आणि ते आपल्याच करातून चालतात. तिथे जायला लाजू नका.

रक्त द्यायला काही घोडेवाले घाबरतात, कारण ग्लँडर्स नावाचा दुसरा रोग निघाला तर कायद्याने जनावर मारावे लागते. या रोगात तसे नाही. हा औषधाने आवरता येतो.

औषध आणि औषधाचा धोका

इमिडोकार्ब नावाचे इंजेक्शन या रोगावर चालते. ते वेळेवर मिळाले तर जनावर वाचते. पण ते जालीम आहे. टोचल्यावर लाळ गळते, पोटात कळा येतात. गाढवाला ते घोड्यापेक्षा जास्त बाधते, घोड्याचे मोठे माप गाढवाला दिले तर गाढव दगावू शकते. म्हणून मात्रा आम्ही इथून सांगणार नाही. ते काम डॉक्टरांचे, आणि तेही जनावराचे वजन पाहून.

औषधाने ताप गेला तरी रक्तातला जंतू पूर्ण जाईलच असे नाही. त्याने निराश होऊ नका. आपल्या भागात गोचीड सगळीकडे असल्यामुळे, थोडा जंतू अंगात असलेले आणि रोगातून उठलेले जनावर पुन्हा तेवढे आजारी पडत नाही. इथे लहानपणीच हा रोग अंगावर काढलेले शिंगरू मोठेपणी टिकते. धोका जास्त कोणाला? जे जनावर गोचीड नसलेल्या भागातून मोठेपणी विकत आणले त्याला. जत्रेतून आणलेल्या घोडीला पहिल्या पावसानंतर ताप का आला, ते आम्हाला आता कळते.

या रोगावर घोड्यासाठी लस नाही. तेव्हा गोचीड आवरणे एवढाच खात्रीचा मार्ग आहे. आणि बरे झालेल्या जनावराला किमान महिनाभर तरी विसावा द्या. रक्त काही एका रात्रीत भरत नाही.

गोचीड कशी आवरायची?

एक, रोज हात फिरवा. कानाच्या आत, आयाळीच्या मुळाशी, काखेत, जांघेत, शेपटीखाली. सापडलेली गोचीड दगडाने ठेचू नका, रॉकेलच्या डब्यात टाका. ठेचली तर रक्त उडते.

दोन, गोठ्याच्या भिंती लिंपा. भेगा बुजवा. चुना लावा. दगडाच्या पडवीतल्या फटी बंद करा. उकिरडा गोठ्याला लागून ठेवू नका. कडब्याची गंजी गोठ्याच्या भिंतीला टेकवू नका. हे सगळे उन्हाळ्यात, परत गेल्यावर पेरणीच्या आधी करा. पावसानंतर केलेले उशिराचे.

तीन, फवारा मारायचा तर जनावरासाठी असलेलेच औषध घ्या, पाण्याचे प्रमाण बाटलीवर असेल तेवढेच ठेवा आणि एकाच दिवशी सगळ्या जनावरांवर आणि गोठ्यातही मारा. एक बैल फवारला आणि दुसरा सोडला तर काही उपयोग नाही. काही दिवसांनी पुन्हा फवारावे लागते, कारण अंड्यांतून नवी पिढी निघते.

चार, आणि हे कान उघडून ऐका. अमिट्राझ नावाचे गोचिडीचे औषध बैलाला चालते, ते घोड्याला कधीही लावू नका. त्याने घोड्याचे आतडे थांबते, मळ अडकतो आणि पोट फुगून घोडा मरू शकतो. बैलाचे औषध उरले म्हणून घोड्याला लावले, असे करू नका.

पाच, कापसावरचे विष जनावरावर मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करता करता वीसच्या वर माणसे गेली. जे विष माणसाला श्वासातून मारते, ते जनावराच्या कातडीतून आत जाणार नाही असे समजायचे काय कारण?

सहा, नवे जनावर आणले की आठ-पंधरा दिवस वेगळे बांधा. गोचीड काढा, ताप पाहा, मग दावणीला आणा. नांदेडकडच्या माळेगावच्या जत्रेत, तापीकाठच्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात, मढीच्या गाढवांच्या बाजारात राज्यभरची जनावरे एकत्र येतात. जनावरांबरोबर त्यांच्या गोचिड्याही येतात. दात पाहून घोडा घेता, तसे कान उलटूनही पाहा.

सात, सुई नवी असल्याशिवाय टोचू देऊ नका.

बैलाचा आणि गाईचा हिशोब

घोड्याचा जंतू बैलाला लागत नाही, बैलाचा घोड्याला लागत नाही. पण बैलाचा वेगळा बबेसिया आहे आणि गाईचा वेगळा थायलेरिया आहे, त्यांनाही गोचीडच आणते. आपली देशी जनावरे यात बरीच टिकून राहतात. संकरित गाय मात्र फार नाजूक. २००६ साली पंतप्रधानांच्या पॅकेजमधून विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत निम्म्या अनुदानावर दुभती जनावरे वाटायचे ठरले. गाय दारात आली. तिच्याबरोबर गोचीड तापाची माहिती किती दारांत आली, ते तुम्हीच सांगा. गाईच्या थायलेरियावर आपल्या देशात लस बनते, औषधही आहे. पण ते पहिल्या दोन-चार दिवसांतच कामाला येते. गाय मेल्यावर कर्जाचा हप्ता मात्र राहतो, तो कोणत्याही औषधाने जात नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशभरात घोडे सुमारे ३.४ लाख आणि गाढवे १.२४ लाख उरलेली आढळली. २०१२ च्या मानाने गाढवे साठ टक्क्यांहून अधिक कमी झाली. ती सगळी रोगाने गेली असे आम्ही म्हणत नाही. ट्रॅक्टर आले, टेम्पो आले. पण ज्याची संख्या कमी, त्याची विचारपूसही कमी. आणि ज्याच्याकडे ट्रॅक्टरचे पैसे नाहीत, त्याच्याच दारात आज घोडा आणि गाढव उभे आहे. म्हणजे त्याचे दुखणे हे गरिबातल्या गरिबाचे दुखणे आहे.

मागायचे काय आणि करायचे काय?

जिल्हा बैठकांत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. तालुक्याच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक हवा आणि काच वाचून त्याच दिवशी उत्तर देणारा माणूस हवा. गोचीड तापाची औषधे पावसाळ्याच्या आधी दवाखान्यात हवीत, पावसाळा संपल्यावर नकोत. आणि घोड्या-गाढवांच्या प्रत्येक मोठ्या बाजारात रक्त तपासणीचे एक टेबल हवे. यांतली एकही मागणी कोट्यवधींची नाही.

पण हे मिळेपर्यंत आपण हात बांधून बसायचे काय? गावातल्या दोन तरुण पोरांनी आणि दोन बायांनी ताप मोजायला, पापणी पाहायला, काचेवर थेंब पसरायला शिकून घ्यावे. बायांचे नाव आम्ही मुद्दाम घेतो. जनावराचा चारा कमी झाला हे घरात सर्वांत आधी कोणाला कळते? आमच्या घोडीने चारा सोडला हे घरच्या बाईने आदल्या दिवशीच सांगितले होते. आम्ही ऐकले नाही. फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा क्रमांक आहे, तो गोठ्याच्या दारावर खडूने लिहून ठेवा. आणि जनावर मेलेच तर कशाने मेले, ते विचारल्याशिवाय पुरू नका.

कापूस गेला की आपण विचारतो, बोंडअळीने गेला की लाल्याने गेला की पाण्याने गेला. भाव पडला की विचारतो, कोणी पाडला. पण जनावर मेले की म्हणतो, त्याचे आयुष्य तेवढेच होते. आमच्या घोडीचे आयुष्य तेवढेच नव्हते. ती एका थेंबाच्या तपासणीवाचून गेली. हे इतक्या माणसांपुढे बोलायला जड जाते, पण तुमच्यापैकी एकाच्या दारातले एक जनावर वाचले तरी बोलल्याचे सार्थक होईल.

आता पंधरा-वीस दिवसांत तुम्ही गावाकडे निघाल. घरी गेल्यावर बियाण्याची पिशवी उघडण्याआधी गोठ्याची भिंत पाहा. भेगेत काडी घालून पाहा. जे बाहेर येईल ते पाहून आजचे भाषण आठवेल.

एवढे बोलून आम्ही थांबतो.